हँडलमामांच्या बारा सह्या

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीसुद्धा जरा जवळ या, कारण ही गोष्ट लांबून ऐकली तर नुसतं हसू येईल आणि हसून झाल्यावर जे ऐकायचं ते राहून जाईल. धडधाकट, तेलपाणी केलेल्या, रंग दिलेल्या अकरा मोटारी चाळीस मिनिटांत एकामागून एक कशा नापास झाल्या, आणि एका सज्जनाची तीस वर्षांची अब्रू लाल दिव्याखाली कशी उभी राहिली, ते सांगतो. देवाने दोन कान दिलेत, दोन्ही इकडे करा.

मोटारी म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या नव्हेत हं. पंप फिरवणाऱ्या, पट्टे ओढणाऱ्या, विजेवरच्या. एकेक मोटार बसलेल्या वासराएवढी. अशा मोटारी दुरुस्त करणारा एक कारखाना होता, आणि त्या कारखान्याच्या तपासणी-खोलीत हँडलमामा होते.

त्यांना हँडलमामा का म्हणत? तर त्यांच्याकडे एक जुनी लाकडी पेटी होती. पेटीला हँडल, वर काच, काचेखाली काटा. पेटीच्या दोन वायरी मोटारीला लावायच्या आणि हँडल गरगरा फिरवायचं. तारेतली वीज तारेतच राहते की झिरपून मोटारीच्या अंगात उतरते, ते काटा सांगायचा. काटा वर चढला की मोटार पास. शून्यावर लोळला की नापास. हँडल फिरवायचं बरोबर एक मिनिट, आणि ते मिनिट मामा घड्याळावर मोजत नसत. मनातल्या मनात साठ वेळा देवाचं नाव घ्यायचं आणि एकसष्टाव्याला काटा बघायचा. मग रजिस्टर उघडायचं आणि सही ठोकायची. सहीला शेपूट असं लांब, की खालच्या दोन ओळी अडायच्या. पण तीस वर्षांत त्या सहीची एकही मोटार परत आली नव्हती. माणसाची छाती फुगायला तेवढं पुरतं.

आणि मग एका सोमवारी यंत्र आलं.

कपाटाएवढं यंत्र. त्याला पडदा, पडद्याखाली बटणं, डोक्यावर एक हिरवा दिवा आणि एक लाल. लाल दिव्याबरोबर भोंगा. शेजारी जाळीचा पिंजरा. मोटार पिंजऱ्यात ठेवायची, वायरी लावायच्या, दार लावायचं, आणि पुढे सगळं यंत्रच करणार. तारेचा रोध मोजणार, वीज झिरपते का बघणार, चढत्या दाबाची वीज सोडणार, मोटार फिरवणार, आणि शेवटी निकालाची चिठ्ठी छापून जीभ काढल्यासारखी बाहेर काढणार.

"मामा, आता सगळं आपोआप!" मालक म्हणाले.

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही बटण दाबायचं."

बटण! तीस वर्षं हँडल फिरवून ज्या दंडाला गोळा आला होता, त्या दंडाच्या टोकाला आता एक बटण! त्या दिवशी मामांनी डबा अर्धाच खाल्ला.

मालकांनी पुढचंही सांगून टाकलं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या बारा मोटारी दुरुस्त होऊन तयार होत्या. पाणीखात्याच्या तपासणी-अधिकारी मॅडम गुरुवारी अकरा वाजता येणार आणि त्यांच्यासमोर बाराच्या बारा यंत्रावर लागणार. सगळं सुरळीत झालं तर तपासणी-खोली राहील आणि मामाच तिचे प्रमुख. फसगत झाली तर यापुढे मोटारी बाहेरच्या प्रयोगशाळेत जातील. "आणि तुम्हाला मग गेटवर बसवावं लागेल. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला," मालक म्हणाले. प्रेमाने म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

मामांनी त्याच दुपारी आपली पेटी काढली, बाराही मोटारींवर साठ-साठ नामं घेतली. बाराही ठणठणीत. बारा सह्या झाल्या. आता यंत्र करून करून काय करणार होतं?

मंगळवारी ते कळलं.

यंत्राला आधी शिकवावं लागतं बरं का. कोणती तपासणी आधी, कोणती नंतर, किती वेळ, किती आकड्याच्या खाली नापास, हे सगळं एकदा भरून द्यायचं, मग ते तसंच करत राहतं. यंत्र बसवायला आलेला माणूस, त्याला सगळे यंत्रवाला म्हणत, शेजारी उभा राहून सांगत होता आणि मामा एका बोटाने टिपत होते. वीज झिरपण्याच्या तपासणीला साठ सेकंद भरायचे होते. मामांनी साठ भरले, पण सेकंदांच्या रकान्यात नव्हे, मिनिटांच्या. यंत्रवाला चहाला गेला आणि इकडे मामांनी सरावासाठी एक जुनी मोटार आत ठेवून बटण दाबलं.

यंत्र गुणगुणायला लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पडद्यावर "तपासणी सुरू आहे". थांबवायचं बटण समोर होतं, पण सुरू झालेलं मधेच मोडू नये हा मामांचा जन्माचा स्वभाव. ते हात जोडल्यासारखे उभे राहिले. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डबा पिंजऱ्यातच राहिलाय.

डबा काढायला त्यांनी दार उघडलं मात्र!

चालू तपासणीत दार उघडलं की यंत्र वीज तोडतं आणि भोंगा वाजवतं. माणसाचा जीव वाचावा म्हणून केलेली सोय ती. पण तो भोंगा कारखान्यात कुणी ऐकलेला नव्हता. आग लागली म्हणून सगळे अंगणात पळाले. लोहार अर्ध्या दाढीचा आला, हिशेबनीस चप्पल हातात घेऊन आला. रखवालदाराने नियमाप्रमाणे डोकी मोजली. वहीत मामा सोडून एक्केचाळीस, अंगणात बेचाळीस. पुन्हा मोजली, बेचाळीस. "एक माणूस जास्त वाचलाय!" रखवालदार हबकून ओरडला. तिसऱ्या मोजणीला उलगडा झाला, की जास्तीचा म्हणजे यंत्रवाला. तोही पळाला होता. आपल्याच यंत्राच्या भोंग्याला!

मामा मात्र आत खोलीत उभे, हातात डबा. सगळ्यांत शेवटी त्यांना आणायला आल्या त्या मावशी.

मावशी म्हणजे कारखान्याची झाडलोट करणाऱ्या. बारा वर्षं झाली होती त्यांना, पण कंत्राटावर. "मामा, बाहेर या, जळाल," म्हणाल्या. "काही जळत नाहीये मावशी," मामा म्हणाले, "अब्रू सोडून."

यंत्रवाल्याने साठचा आकडा सेकंदांच्या रकान्यात हलवून दिला. घरी आल्यावर मामांनी हे सगळं मामींना सांगितलं. म्हणजे भोंग्याचं गाळून, बाकीचं सांगितलं. मामींचं लक्ष दुसरीकडेच गेलं.

"अहो, एवढ्या मोठ्या हुद्द्यावरची बाई येणार, आणि मोटारी तशाच धुळीत?"

"मोटारी आहेत त्या. दिवाणखाना नाही."

"पाहुणा कुठेही आला तरी पाहुणाच. कोरड्या फडक्याने एक हात फिरवून घ्या. फडकी मी देते." आणि मामींनी जुनी चादर टराटरा फाडून बारा फडकी केली. घड्या घालून, रबर लावून. मोटारीगणिक एक.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर पेपर परत करायला आले. सल्ला देताना ते कधी बसत नसत. उभ्याने सल्ला जास्त लागू पडतो असं त्यांचं मत होतं. "कोरड्याने धूळ नुसती इकडची तिकडे होते हो. मी आयुष्यभर फळा ओल्या फडक्याने पुसून घेतलाय. साबणाचं कोमट पाणी. लख्ख!"

मामा भिडस्त. मामींना 'बरं' म्हणाले, हेडमास्तरांनाही 'बरं' म्हणाले. आणि लक्षात राहिलं ते शेवटी ऐकलेलं.

आता गुरुवार. मंडळी, इथून पुढे लक्ष द्या.

सकाळी साडेनऊला मामा तपासणी-खोलीत फोनवर होते. कारण यंत्र चालवणारा माणूस 'सक्षम व्यक्ती' असल्याचा दाखला सरकारी कार्यालयातून लागतो, आणि तो अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता.

"तुमच्या सक्षमतेवर सक्षम व्यक्तीची सही नाही," पलीकडून कारकून म्हणाला.

"अहो, आमच्या कारखान्यात सक्षम व्यक्ती मीच आहे. तीस वर्षं."

"स्वतःच्या अर्जावर स्वतःची सही चालत नाही. तुमच्या आधी जे सक्षम होते त्यांची आणा."

"ते वारले हो."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

"कशाला? ते आता सक्षम नाहीत असं दाखवायला?"

नेमकं तेव्हाच मावशी बादली आणि फडकी घेऊन आल्या. बादलीत साबणाचं कोमट पाणी, मामांनीच सांगितलेलं. "मामा, बाहेरून पुसल्या. त्या वायरींच्या डबीचं झाकण आहे ना, आत पण धूळ आहे. आतून पण पुसू?"

मामांचा एक कान फोनला. कारकून म्हणत होता, दाखला जोडताना दोन प्रती जोडा. मामांनी वर न बघता हात हलवला. "हो हो, आतून पण. कानाकोपरा."

मावशींनी मान डोलावली आणि पेचकस आणायला गेल्या.

अकरा वाजता मॅडम आल्या. साध्या चपला, खिशाला पेन, मोजकं बोलणं. मालक हसत होते, यंत्रवाला घाम पुसत होता, आणि मोटारी अशा चमकत होत्या की मॅडम दारातच थांबल्या. "वा! स्वच्छता चांगली आहे." मामांनी मनातल्या मनात हेडमास्तरांना नमस्कार केला. एक बारावी मोटार तेवढी कडेला होती, झाकणाभोवती तेलाचे ओघळ घेऊन. ती मामांनी हळूच रांगेत शेवटी सरकवायला लावली.

पहिली मोटार पिंजऱ्यात गेली. दार लागलं. मामांनी बटण दाबलं.

तारेचा रोध, बरोबर. मग वीज झिरपण्याची तपासणी. पडद्यावर शंभराच्या वर आकडा हवा. पडद्यावर आलं शून्य पूर्णांक तीन.

लाल दिवा लागला, भोंगा वाजला आणि चिठ्ठी बाहेर आली. नापास.

मामा हसले. "नवं आहे यंत्र. बुजलंय."

दुसरी मोटार आत गेली. शून्य पूर्णांक दोन आणि भोंगा. तिसरी गेली, पुन्हा भोंगा. चौथीला मालकांचं हसू गळून पडलं. पाचवीला मॅडमनी पेन काढलं. सहावीला यंत्रवाल्याने यंत्राची स्वतःचीच तपासणी लावून बघितली. यंत्र शंभर टक्के निर्दोष निघालं. सातवी नापास. आठवी नापास. मामांच्या अंगातलं बळ जमिनीत झिरपून गेलं. ते मोजायला कुठलं यंत्र नव्हतं.

"यंत्र खोटं बोलत नाही, मामा," यंत्रवाला हळूच म्हणाला.

"मग काय मी बोलतो?" मामांचा आवाज फुटला. "तीस वर्षं! सोमवारी माझ्या हाताने तपासल्यात या! थांबा!"

आणि त्यांनी कपाटातून आपली लाकडी पेटी काढली. मॅडमच्या समोर, मालकांच्या समोर, आठव्या मोटारीला वायरी लावल्या आणि हँडलला हात घातला. मामांचे ओठ हलत होते. दहा नामं. काटा हलला नाही. वीस. हँडल जोरात. तीस. काटा शून्यावर, जसा काही तिथेच जन्माला आला होता. साठावं नाम झालं. एकसष्टाव्याला मामांनी बघितलं नाही, कारण त्यांना आधीच दिसलं होतं.

नुसत्या यंत्राने नापास केलं तर माणूस यंत्राला शिव्या देऊन मोकळा होतो. ही तर आपलीच पेटी. तीस वर्षं उराशी धरलेली, आज भर खोलीत आपल्याविरुद्ध साक्ष देत होती. मामांना जो धक्का बसला तो विजेचा असता तर बरा, असं त्यांना स्वतःलाच वाटलं.

नववी, दहावी, अकरावी. भोंगा, भोंगा, भोंगा.

मामांनी रजिस्टर उघडलं. सोमवारच्या पानावर बारा सह्या, बारा शेपटं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, आणि पहिल्या सहीवर पेन टेकवलं. खोडायलाही हात धजेना. "साहेब," ते मालकांना म्हणाले, "गेटवरची खुर्ची कुठली ती दाखवून ठेवा."

"अजून एक आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "ती पण लावा."

ती तेलकट, ओशाळलेली बारावी मोटार आत गेली. बटण यंत्रवाल्यानेच दाबलं, मामांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. भोंग्याची वाट बघत सगळे उभे.

भोंगा वाजलाच नाही. पडद्यावर आकडा चढत चढत शंभर, पाचशे, हजार ओलांडून गेला. वीज चढली, मोटार फिरली, खोलीभर एक शांत, गोल घरघर झाली. हिरवा दिवा लागला.

"हे काय?" मालक. "सगळ्यांत घाण होती तीच पास?"

कुणाला काही कळेना. तेव्हा दाराशी बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "तिच्या झाकणाचा एक स्क्रू तेल सोडूनही निघेना. म्हणून ती आतून पुसायची राहिली."

सगळ्या माना मावशींकडे वळल्या.

"बाकीच्या आतून पुसल्या? कशाने?" मॅडमनी विचारलं.

"साबणाच्या पाण्याने. पुसून लगेच झाकणं लावली, धूळ बसायला नको म्हणून."

यंत्रवाल्याने कपाळावर हात मारला. वायरी जिथे जोडतात त्या पाटीवर साबणाचं पाणी, वर झाकण घट्ट बंद! विजेला झिरपायला याहून चांगली पायवाट कुठली? मोटारी चांगल्या होत्या. यंत्र खरं बोलत होतं. पेटीही खरं बोलत होती. आणि मामांच्या बारा सह्यासुद्धा खऱ्या होत्या!

मामांचा जीव भांड्यात पडला असेल, असं तुम्हाला वाटलं ना? थांबा.

मालकांचा चेहरा लाल दिव्यासारखा झाला होता. "मावशी! विजेच्या जागी पाणी घालायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मावशींनी एकदा मामांकडे बघितलं. रजिस्टर उघडं, पेन हातात, तोंडावरचा रंग उडालेला. मग त्यांनी बादलीत बघितलं.

"कोणी नाही साहेब. माझ्या मनाने पुसलं."

मामांच्या कानात सकाळचा कारकून बोलला, दोन प्रती जोडा. आणि त्यामागून स्वतःचाच आवाज: हो हो, आतून पण. आत्तापर्यंतचे सगळे धक्के एकीकडे, हा एक एकीकडे. मोटारी वाचल्या होत्या, सही वाचली होती, खोली वाचत होती. फक्त गप्प बसायचं होतं. मावशींच्या जागी दुसरी बाई उद्या सकाळी आणता येते हे मालकांना माहीत होतं, मामांना माहीत होतं, आणि मावशींना तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"कंत्राटदाराला फोन लावतो," मालक म्हणाले.

"लावू नका." मामा पुढे आले. "मी सांगितलं. पाणी मी सांगितलं, साबण मी सांगितला. आतून पुसू का, असं या बाईने विचारलंसुद्धा. मी वर न बघता हो म्हणालो. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या वायरीत पाणी शोधलं, आणि आज..." त्यांनी पेनला टोपण घातलं. "गेटवरची खुर्ची मला द्या. यांना काही म्हणू नका."

"मामा, तुम्ही कशाला..." मावशी पुटपुटल्या.

"तुम्ही गप्प बसा हो! खोटं बोलता वरून!" मामा ओरडले, आणि चष्मा काढून मामींच्या फडक्याने पुसायला लागले. ते एकच कोरडं राहिलेलं होतं.

मालक मॅडमकडे बघत होते. मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "झाकणं उघडा. गरम हवा सोडा, मोठे दिवे लावा. किती वेळ लागेल?"

"चार वाजतील," यंत्रवाला म्हणाला.

"मग चहा सांगा."

सव्वाचारला पहिली मोटार पुन्हा आत गेली आणि साडेपाचला अकरावी बाहेर आली. अकरा वेळा हिरवा दिवा. मामांनी प्रत्येक वेळी बटण दाबलं आणि प्रत्येक वेळी साठ नामं घेतली. यंत्र सेकंद मोजत होतं, मामा नामं. दोघांचं एकदाच संपत होतं.

निघताना मॅडमनी तो तीनदा परत आलेला अर्ज मागून घेतला. वाचला. "सक्षम आहात की नाही ते सकाळी कळलं मला," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हुद्द्याने खाली सही केली. तो अर्ज चौथ्यांदा परत आला, कारण सही निळ्या शाईत हवी होती. पण ते राहू द्या.

मामा गेटवर गेले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रात एक पायरी वाढवली, सगळ्या तपासण्यांच्या आधीची. अजूनही तिथे बटण दाबलं की पडद्यावर पहिली ओळ येते: "झाकण कोरडं आहे का? मावशींना विचारा." आणि मावशींनी झाकण उघडून, बोट फिरवून 'हो' म्हटल्याशिवाय मामा दुसरं बटण दाबत नाहीत. घरी मात्र मामींनी अजून माफ केलेलं नाही. "मी कोरडं फडकं म्हटलं होतं," एवढंच त्या म्हणतात. आठवड्यातून दोनदा.

तर मंडळी, उद्या सकाळी नळ सोडाल. पाणी येईल. कुठेतरी बारा मोटारी गोल, शांत घरघरत ते तुमच्यापर्यंत ढकलत असतील. ओंजळ भराल तेव्हा हँडलमामांची आठवण नाही काढलीत तरी चालेल. त्यांच्या बारा सह्या रजिस्टरात आहेत, शेपटांसकट. मावशींची सही कुठेच नाही. त्यांची तेवढी आठवण ठेवा.